टोकन टाकायच्या आधी: वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडे घर बदलायचा सीझन. शाळा उघडायच्या आत सामान हलवायचं असतं, आणि ऐरोली-महापेला नवीन जॉइन होणारी पोरंपोरीही ह्याच सुमारास रूम शोधत फिरत असतात. त्यामुळे ह्या वेळी आलेल्या पत्रांत भाड्याच्या घरांचेच प्रश्न जास्त. मी ठाण्यात लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाड्याच्या घराच्या कराराची, नोंदणी करून द्यायचं काम करते, म्हणजे मशीन घेऊन लोकांच्या घरी जायचं, मालक-भाडेकरू दोघांचे अंगठे घ्यायचे, फोटो काढायचे, त्यामुळे दोन्हीकडची रडगाणी समोर बसून ऐकायला मिळतात. वकील मी नाही, कोर्टाची वेळ आली तर वकीलच गाठा. बाकीचं सांगते.

ताई, मी साताऱ्याची. ऐरोलीला माइंडस्पेसमधल्या एका कंपनीत जॉब लागलाय, एक तारखेला जॉइन व्हायचंय. घणसोलीत एक वन बीएचके ऑनलाइन दिसला, फुल फर्निश्ड, एसी, वॉशिंग मशीन सगळं, भाडं 13 हजार. ओनर सीआयएसएफमध्ये आहेत, चेन्नईला बदली झाली म्हणून घर रिकामं आहे म्हणतात. आयकार्ड आणि आधारचा फोटोपण पाठवला. पण घर बघायला जायचं तर सोसायटीचा गेट पास काढावा लागेल, 2,500 रुपये, ते नंतर भाड्यातून वजा होतील. भरू का?
(एक वाचक, सातारा)

नको भरूस. आणि त्या माणसाशी आता वाद पण घालत बसू नकोस, नंबर ब्लॉक कर.

गेट पासचे पैसे हा प्रकारच नसतो गं. घणसोलीच्या सोसायटीत जा नाहीतर घोडबंदरच्या चाळीस मजली टॉवरला जा, गेटवर काय होतं, वॉचमन नाव-नंबर विचारतो, कुठल्या फ्लॅटला जायचं ते विचारतो, रजिस्टरमध्ये सही घेतो किंवा ॲपवर फोटो काढतो, वर इंटरकॉम लावतो आणि सोडतो. येणाऱ्या पाहुण्याकडून कोणी एक रुपया घेत नाही. तू 2,500 टाकलेस की पुढचं सगळं ठरलेलं आहे: पास निघाला पण सिस्टीममध्ये एंट्री अडकली, आणखी 5,000 टाका म्हणजे दोन्ही रिफंड होतील, मग एका महिन्याचं डिपॉझिट टाकलं की पास आपोआप अप्रूव्ह होईल. आधीचे सोडवायला म्हणून माणूस पुढचे टाकत जातो, लबाडीचा सगळा जोर तिथेच आहे.

आता ते सीआयएसएफ. ही मंडळी आर्मी, सीआयएसएफ, नेव्ही असलं काहीतरी मुद्दाम सांगतात, कारण एक तर वर्दीवर आपला लगेच विश्वास बसतो आणि दुसरं म्हणजे मालक स्वतः घर दाखवायला का येऊ शकत नाही ह्याचं आयतं कारण मिळतं. आयकार्ड आणि आधारचे फोटो कित्येकदा खरे असतात, फक्त त्या माणसाचे नसतात. आधी कोणीतरी फसलेला असतो, त्याने विश्वासाने पाठवलेली कागदपत्रं पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला वापरतात. म्हणून तू अजून आधार पाठवलं नसशील तर पाठवू नकोस, आणि ह्यापुढे कुणालाही द्यायची वेळ आली तर मास्क्ड आधार दे, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आधारच्या वेबसाइटवरून फुकट डाउनलोड होतं.

फोटोंकडे पण जरा नीट बघ. तू पाठवलेले फोटो मी मोठे करून बघितले. हॉलच्या बाल्कनीला ग्रिल नाही, बाहेर सगळी मोकळी हिरवळ, आणि किचनच्या फोटोत मात्र खिडकीबाहेर अगदी हाताला लागेल इतकी जवळ दुसरी बिल्डिंग. दोन घरांचे फोटो एकत्र केलेत हे उघड आहे. गुगल लेन्सला टाकलं तर बऱ्याचदा तेच फोटो दुसऱ्याच शहरातल्या घराच्या जाहिरातीत सापडतात. आणि त्याच सेक्टरमधली बाकीची घरं 20-22 हजारांना असताना हे सगळ्या सामानासकट 13 ला का, हा प्रश्न तुलाही पडलाच असेल, म्हणून तर पत्र लिहिलंस.

पुढच्या घराच्या वेळी एवढंच कर, समोरच्याला सांग की व्हिडिओ कॉल लावा आणि गेटपासून चालत घरात जा, बिल्डिंगचं नाव, लिफ्ट, दारावरची पाटी, मग घर. ज्याच्याकडे खरंच घर आहे तो कुरकुर करेल पण दाखवेल. ऐरोली-रबाळेला ओळखीचं कोणी असेल तर त्यांना एक चक्कर मारायला सांग. आणि एक तारीख तोंडावर आली म्हणून घाई करू नकोस, पहिले पंधरा दिवस पीजीमध्ये किंवा मावशी-आत्याकडे काढ, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर स्वतः फिरून घरं बघ. घाईतल्या माणसाचा वास ह्या लोकांना बरोबर येतो.

नमस्कार ताई, आम्ही नवरा-बायको आणि एक मुलगी, सध्या कळव्याला राहतो. कासारवडवलीला एक वन बीएचके हेवी डिपॉझिटवर मिळतोय, 8 लाख द्यायचे, दोन वर्षं भाडं नाही, दोन वर्षांनी पूर्ण 8 लाख परत. त्याच बिल्डिंगमध्ये एरवी भाडं 22 हजार आहे. एजन्सीचं ऑफिस चांगलं आहे, स्टाफ आहे, मालकिणीचं सगळं तेच बघतात, ॲग्रीमेंट पण एजन्सी आणि आमच्यात होणार आहे, नोटरी करून, नोंदणीला खर्च फार येतो म्हणतात. एजंट रेरा (बिल्डर-एजंटांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) रजिस्टर्ड आहे, सर्टिफिकेट भिंतीवर लावलंय. 50 हजार टोकन दिलंय. बाकीचे पैसे बायकोचे दागिने मोडून आणि पीएफमधून उभे करतोय. घरचे म्हणतात घाई करू नका. तुम्हाला काय वाटतं?
(एक वाचक, कळवा)

दादा, घरच्यांचं ऐका, दागिने मोडू नका.

आधी गणित करू. तुम्ही लिहिलंय की त्याच बिल्डिंगमध्ये वन बीएचकेचं भाडं 22 हजार आहे. तुमचे 8 लाख मालकिणीने बँकेत एफडी केले, 7 टक्के धरले, तर वर्षाला 56 हजार, म्हणजे महिन्याला पावणेपाच हजारपण नाही. म्हणजे महिना 22 हजार येणारे सोडून ती बाई पावणेपाच हजारांवर समाधानी आहे. असं कोणी का करेल? कधीकधी करतात, खरंच करतात: कोणाला होम लोन एकरकमी फेडायचं असतं, कोणाच्या घरात ऑपरेशन असतं, मुलीचं लग्न असतं, एकदम पैसे हवे असतात. तेव्हा तुमचा पहिला प्रश्न हा की मालकीणबाईंना 8 लाख कशाला हवेत, आणि तो प्रश्न त्यांनाच समोर बसून विचारायचा. तुम्ही त्यांना भेटलाच नाही आहात. पत्रात कुठेच नाही त्यांचं नाव.

बहुतेक वेळा काय असतं ते सांगते, हे आपल्याकडे ठाणे, मीरा रोड, नवी मुंबई सगळीकडे झालेलं आहे. एजन्सीवाला मालकाकडे जातो, म्हणतो काका, तुमचा फ्लॅट मला द्या, भाडेकरू मी आणतो, महिन्याच्या पाच तारखेला 22 हजार तुमच्या खात्यात, तुम्हाला काही बघायला नको. मालक खूश. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट एजन्सीच्या नावाने होतं. मग तोच फ्लॅट एजन्सीवाला तुमच्यासारख्याला 8 लाख हेवी डिपॉझिटवर देतो. मालकाला वाटतं घरात भाडेकरू आहे, तुम्हाला वाटतं मालकाला 8 लाख मिळाले. तुमच्या 8 लाखांतून मालकाला दरमहा 22 हजार जातात, बाकीच्यातून ऑफिस, स्टाफ, भिंतीवरची फ्रेम, आणि आधीच्या ज्यांची मुदत संपली त्यांचे परत द्यायचे पैसे. नवीन गिऱ्हाइकं येत राहिली तोवर सगळं सुरळीत, म्हणूनच एजन्सी जुन्या लोकांचे फोन नंबर देते, बोलून घ्या म्हणते, आणि ते लोक खरंच सांगतात की आमचे पैसे मिळाले बाबा. एक दिवस मालकाच्या खात्यात पाच तारखेला पैसे येत नाहीत, ऑफिसला कुलूप असतं, आणि मालक येऊन दार वाजवतो: तुम्ही कोण? माझ्या घरात काय करताय?

तेव्हा दोघंही खरे असतात आणि दोघंही बुडालेले असतात. पण घर त्याचं आहे. एजन्सीला मिळालेलं होतं ते नुसतं राहायचं लायसन्स, आणि लायसन्स मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला देता येत नाही, हे 1882 च्या ईझमेंट्स ॲक्टपासून चालत आलंय. म्हणजे तुमच्या हातातल्या नोटरीच्या कागदाला मालकासमोर फारसा अर्थ उरत नाही. तुमचे 8 लाख एजन्सीकडून वसूल करायचे, म्हणजे पोलीस, फसवणुकीचा गुन्हा, पूर्वीचं 420 म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं 318, आणि मग वर्षानुवर्षं तारखा.

रेरा सर्टिफिकेटचं तर मला हसूच येतं. रेराची एजंट नोंदणी घर विकण्या-घेण्याच्या व्यवहारासाठी आहे, भाड्याच्या व्यवहारावर रेरा लक्ष ठेवत नाही. फ्रेम खरी असली तरी ती तुमच्या कामाची नाही.

नोटरी का म्हणतायत तेही बघा. म्हणे नोंदणीला खर्च फार येतो. किती येतो? मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या आणि डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून येणाऱ्या रकमेच्या 0.25 टक्के. तुमच्या केसमध्ये भाडं शून्य, 8 लाखांवर दोन वर्षांचं व्याज 1 लाख 60 हजार, त्याचे 0.25 टक्के झाले 400 रुपये. वर पालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. 8 लाखांच्या व्यवहारात दीड हजार आणि माझ्यासारखीची थोडी फी, हे कोणाला जड आहे? जड आहे ते वेगळं. नोंदणीला मालकिणीचा अंगठा लागतो, आधारशी जुळतो, कॅमेऱ्यासमोर फोटो निघतो. जी बाई व्यवहारात नाहीच तिचा अंगठा आणणार कुठून?

तर आता करायचं ते असं. त्या सोसायटीत जा, सेक्रेटरीला किंवा ऑफिसमधल्या मॅनेजरला विचारा की अमुक नंबरचा मेंबर कोण. सांगत नसतील तर नोटीस बोर्ड वाचा, मेंटेनन्स थकलेल्यांची यादी फ्लॅट नंबर आणि नावासकट लावायची आपल्या सोसायट्यांना फार हौस असते, तिथे काय काय कळतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये जिल्हा, गाव, वर्ष आणि सर्व्हे किंवा मिळकत नंबर टाकून फ्लॅटच्या खरेदीचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा गोषवारा, फुकट बघता येतो. साइट रडत रडत चालते, कॅप्चा तीनदा चुकतो, रात्री उशिरा बसा. मालकिणीचं नाव कळलं की एजन्सीला सांगा, मॅडमना बोलवा, ॲग्रीमेंट थेट मॅडम आणि आमच्यात, नोंदणीकृत, पूर्ण 8 लाख त्यात लिहिलेले, आणि पैसे आरटीजीएसने मॅडमच्याच खात्यात. तुमची दलाली काय असेल ती वेगळी घ्या. हे ऐकून त्यांनी खळखळ केली तर 50 हजार परत मागा, व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागा, फोनवर नाही. नाही दिले तर कासारवडवली पोलीस ठाण्यात अर्ज द्या. टोकन गेलं तरी चालेल पण ते वाचवायला म्हणून साडेसात लाख घालू नका.

आणि समजा सगळं खरं निघालं, मालकीण आल्या, सह्या झाल्या, तरीपण विचारा की दोन वर्षांनी 8 लाख परत कुठून देणार. बहुतेक मालक पुढचा हेवी डिपॉझिटवाला आला की त्याचे घेऊन तुमचे देतात. तो नाही आला तर तुम्ही थांबा.

सोसायटी भाडेकरू ठेवायला एनओसी देत नाही, आणि दिली तर 5,000 रुपये एनओसी चार्ज मागते. एजंट म्हणतो माझ्याकडे द्या, मी सेट करतो. हे कायदेशीर आहे का?
(एक वाचक, मानपाडा, ठाणे)

आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, सभासदाने नुसतं कळवायचं, सोबत ॲग्रीमेंटची कॉपी आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची कॉपी जोडायची. सोसायटी मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेऊ शकते, तोपण सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नाही, 1 ऑगस्ट 2001 चा सरकारी आदेश आहे. भाड्याने दिलं म्हणून लागणारा हा चार्ज मालकाचा, भाडेकरूचा नाही. एजंटच्या हातात सोसायटीच्या नावाने पैसे देऊ नका, द्यायचेच असतील तर सोसायटीच्या पावतीवर द्या. पावतीचं नाव काढलं की निम्मे चार्ज गायब होतात.

मी 68 वर्षांचा निवृत्त माणूस, नेरुळचा फ्लॅट भाड्याने द्यायची जाहिरात टाकली होती. एकाचा फोन आला, आर्मीत मेजर आहे, फ्लॅट पसंत आहे, बायको-मुलांना पाठवतो, ॲडव्हान्स आत्ताच टाकतो म्हणाला. आर्मीच्या अकाउंटची पद्धत वेगळी, आधी तुम्ही 1 रुपया पाठवा, आम्ही 2 पाठवू. मी पाठवला, 2 आले. मग एक क्यूआर पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणजे 30 हजार जमा होतील. टाकला आणि 30 हजार गेले. मुलगा म्हणतो आता काही होणार नाही. खरंच काही होत नाही का?
(एक वाचक, नेरुळ)

काका, होऊ शकतं, पण वेळ फार महत्त्वाचा आहे. पत्र छापून येईपर्यंत तुमचे दिवस गेले असतील म्हणून तुम्हाला लगेच वेगळं कळवलंय, बाकीच्यांसाठी इथे लिहिते. पैसे गेले की त्याच मिनिटाला 1930 लावायचा, हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. ते व्यवहाराची माहिती घेऊन पैसे ज्या खात्यात गेले, तिथून पुढे ज्यात गेले, तिथे तिथे अडवायचा प्रयत्न करतात. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही, काही मिनिटांत चार ठिकाणी पांगवतो आणि एटीएममधून काढतो, म्हणून पहिला तास-दोन तास हाच खरा वेळ. फोन लावताना यूपीआयचा बारा आकडी यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक), समोरच्याचा मोबाईल नंबर आणि स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. आपल्या बँकेलाही कळवा. मग सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवायची, मुलाला सांगा, तो करेल. चॅट डिलीट करू नका, रागाच्या भरात लोक तेच आधी करतात.

आता ते 1 रुपयाचं. ती सगळी मनाची तयारी करून घ्यायची युक्ती आहे. 1 गेला, 2 आले, म्हणजे माणूस खरा, म्हणजे पुढचंही येणार. क्यूआर स्कॅन करून आणि पिन टाकून पैसे फक्त जातात, काका. यायला पिन लागत नाही, स्कॅन लागत नाही, ओटीपी तर नाहीच. तुमचा नंबर दिला की झालं. मेजर असो, कर्नल असो, सैन्याची पगाराची खाती आपल्यासारख्याच बँकांत असतात, पद्धत वेगळीबिगळी काही नसते.

आणखी एक सावध करून ठेवते. आता काही दिवसांत कोणाचातरी फोन येईल की तुमचे 30 हजार आम्ही परत मिळवून देतो, प्रोसेसिंग फी 1,500 भरा. फसलेल्या लोकांच्या याद्या ह्यांच्याकडे फिरत असतात. मुलाला मध्ये घेतल्याशिवाय कोणाशी बोलू नका.

फ्लॅट शेवटी कोणालाही द्या, पण त्याची माहिती पोलिसांना द्या. नेरुळ नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतं, भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरता येते. पोलीस आयुक्त तसे आदेश काढतात आणि माहिती न देणाऱ्या मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. त्रास वाटतो पण सायबरवाल्यांच्या टोळ्या अशाच भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसलेल्या सापडतात, तेव्हा मालकाची काय धावपळ होते ते मी बघितलंय.

कोपरखैरणेला सिडकोच्या घरातला वरचा मजला भाड्याने घेतोय. भाडं घेणारे गृहस्थ स्वतः खाली राहतात, चांगले आहेत, पण लाइट बिल भलत्याच नावावर आहे आणि विचारलं तर म्हणतात जुन्या मालकाचं नाव आहे, बदललं नाही. फसवणूक असू शकते का?
(एक वाचक, कोपरखैरणे)

असू शकते पण बहुधा नसावी. सिडकोच्या जुन्या घरांचे कित्येक व्यवहार नुसत्या पॉवर ऑफ ॲटर्नीवर झालेत, सिडकोच्या दप्तरी अजून मूळ अलॉटीचं, म्हणजे ज्याला घर पहिल्यांदा मिळालं त्याचं, नाव आणि घरात तिसरा मालक, असं तिकडे गल्लोगल्ली आहे. महावितरणचं मीटर नावावर करून घ्यायचा आळस तर आपला सगळ्यांचाच. तेव्हा एका बिलावरून काही ठरवू नका. त्यांना म्हणा, तुम्ही कोणाकडून घेतलं तो कागद दाखवा, आणि पालिकेच्या मालमत्ता कराचं बिल दाखवा. खरेदीच्या करारनाम्यावर दस्त क्रमांक, वर्ष आणि पान नंबरचे शिक्के असतात, नुसती झेरॉक्स दाखवत असतील तरी तो नंबर लिहून घ्या आणि ई-सर्चला ताडून बघा. शेजारी चहाच्या टपरीवर विचारा, किती वर्षं राहतायत.

मला तुमच्या घराच्या बाबतीत दुसरीच काळजी वाटते. हा वरचा मजला परवानगीने चढवलाय का? तिकडे बैठ्या घरांवर नंतर मजले चढलेत. पालिकेची नोटीस आली तर डिपॉझिट मागायला तुम्ही खालीच जाणार. म्हणून डिपॉझिट कमी ठेवा, दोन महिन्यांच्या वर देऊ नका.

खारघरला आठ महिने भाड्याने राहतोय, ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं, नोंदणीकृत आहे. परवा दारावर बँकेची नोटीस चिकटवलेली दिसली, मालकाने लोनचे हप्ते भरले नाहीत, घराचा ताबा घेणार म्हणून. मालक फोन उचलत नाही. डिपॉझिट 1 लाख आहे त्याच्याकडे.
(एक वाचक, खारघर)

नोटीस फाडू नका, फोटो काढून नीट वाचा. 2002 च्या सरफेसी कायद्याखाली (थकलेल्या कर्जासाठी तारण घर ताब्यात घ्यायचा कायदा) बँक आधी कर्जदाराला 60 दिवसांची नोटीस देते, मग ताब्याची. बऱ्याचदा दारावर येते ती कागदोपत्री ताब्याची असते, म्हणजे लगेच उद्या बाहेर काढतात असं नाही. तुम्ही ॲग्रीमेंटची कॉपी घेऊन नोटिशीवरच्या बँक अधिकाऱ्याला भेटा, लेखी पत्र द्या की मी नोंदणीकृत लायसन्सवर राहतो, मुदत अमुक तारखेपर्यंत. कर्जदाराला द्यायचे पैसे आम्हाला द्या असं बँक लेखी सांगू शकते, तसं आलं तर भाडं तिकडे भरा आणि पावती ठेवा. ह्या कायद्यात भाडेकरूला डीआरटीकडे, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, अर्ज करायची सोयही आहे, पण गहाण आधीचं आणि तुमचं ॲग्रीमेंट नंतरचं असेल तर फार आशेवर राहू नका, तीन महिने उरलेत, दुसरं घर बघायला लागा. डिपॉझिट मालकाकडूनच मागायचं, बँक देत नाही. व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल आणि रजिस्टर पोस्ट तिन्ही पाठवा.

जे आत्ता घर शोधतायत त्यांच्यासाठी: घरावर लोन असणं हा गुन्हा नाही, निम्म्या खारघर-उलव्याच्या फ्लॅटवर लोन आहे. पण मालकाला हप्ते नीट चालू आहेत का विचारायला लाजू नका. गहाणखताची सूचना नोंदणी विभागाकडे दिली जाते, तीही ई-सर्चला दिसू शकते, निदान लोन आहे-नाही कळेल. आणि जो मालक भाडं सोडून एकदम मोठं डिपॉझिट मागतो त्याला हा प्रश्न दोनदा विचारा.

अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट होतं, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी. घर सोडून दोन महिने झाले, 60 हजार डिपॉझिटमधले 25 हजार पेंटिंगचे म्हणून कापतो म्हणतो, आणि उरलेलेपण देत नाही. ॲग्रीमेंट रजिस्टर नाही तर आता माझ्या हातात काहीच नाही का?
(एक वाचक, विटावा)

उलट आहे, तुमच्याच हातात आहे. अकरा महिन्यांचं असलं तर नोंदणी लागत नाही ही समजूत बाहेरच्या राज्यांतून आलीये, तिथे वर्षाच्या आतलं चालतं. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे ॲग्रीमेंट लेखी आणि नोंदणीकृत असलंच पाहिजे, मुदत काहीही असो, आणि नोंदणी करायची जबाबदारी मालकाची आहे. त्याने केली नाही तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि अटी काय ठरल्या होत्या ह्यावर वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल ते धरायचं असं त्याच कलमात आहे. हे तुमच्या मालकाला बहुतेक माहीत नसणार.

पेंटिंगचं म्हणाल तर अकरा महिन्यांत भिंती जेवढ्या मळतात तेवढ्या मळणारच, खिळे ठोकून भोकं पाडली असतील, पोरांनी खडूने रंगवलं असेल तर वेगळं. तुम्ही सोडताना फोटो काढले होते का? व्हॉट्सअ‍ॅपवर मालकाला पाठवले असतील तर शोधा. डिपॉझिट बँकेतून दिलं होतं ना, ते स्टेटमेंट काढा. चावी दिली ती तारीख कुठे लिहिलेली आहे का बघा, नसेल तर सामान हलवणाऱ्या टेम्पोवाल्याला जीपेने पैसे दिले असतील, तीपण एक तारीख झाली. (बाकी वाचकांनी चावी आणि डिपॉझिट एकाच बैठकीत द्या-घ्या, मालक म्हणेल दोन दिवसांत टाकतो, तर चावी पण दोन दिवसांनी.)

मग मालकाला एक शांत मेसेज लिहा, शिव्या नको, भाडं इतकं, डिपॉझिट इतकं, अमुक तारखेला घर सोडलं, 60 हजार पंधरा दिवसांत माझ्या खात्यात टाका, आणि पेंटिंगचे पैसे कापायचे असतील तर रंगाऱ्याचं बिल दाखवा. शेवटी कलम 55 चं एक वाक्य टाका. पंधरा दिवसांत काही आलं नाही तर वकिलाची नोटीस. ठाणे कोर्टाच्या आसपास नोटीस काढून देणारे वकील भरपूर आहेत, फी आधी विचारून घ्या.